कापून नेलेले डोळे

१

युद्धसंग्रहालयाच्या मुख्य दालनात सेनापतींचा फोटो भिंतभर लावला होता, आणि रात्रीतून कोणीतरी त्या फोटोतले दोन्ही डोळे कापून नेले होते.

बाकी फोटोला नखही लागलं नव्हतं. टोपी, मिशा, छातीवरची पदकं, मागे हिवाळ्यातली नदी, सगळं जागच्या जागी. डोळ्यांच्या ठिकाणी मात्र दोन लांबट भोकं, सुबक कापलेली, आणि त्यातून मागचा उघडा लाकडी फळा दिसत होता. खाली शिडी आडवी पडली होती. शिडीशेजारी एक घडीचा चाकू, पातं उघडं.

संध्याकाळी मंत्री येऊन या दालनाचं उद्घाटन करणार होते.

"मी तुम्हाला घरून उठवून आणलं नसतं, फौजदारबाई," संचालक चष्मा पुसत म्हणाले. त्या आल्यापासून त्यांनी तो दहा वेळा पुसला असेल. "माणूस सापडलाय. पोलिसांनी सकाळीच उचलला. मागच्या खिडकीची कडी उघडी होती, तिथून शिरला असणार. पण तो कबूल होत नाही. आणि कबुली नसेल तर पत्रकार मंत्र्यांना भलतंसलतं विचारत बसतील. तुम्ही लष्करी पोलिसांत होतात. भल्याभल्यांना बोलतं केलंय तुम्ही."

"कोण आहे?"

संचालकांनी चष्मा नाकावर चढवला. "बिनतारी."

फौजदारबाईंच्या कानशिलातली शीर ताडताड उडायला लागली. आता त्यांना कळलं की एवढ्या निवृत्त अधिकाऱ्यांतून नेमकं त्यांनाच का बोलावलं.

नदीची गोष्ट देशात शेंबड्या पोरालाही पाठ होती. पलीकडच्या काठावर शत्रूच्या तोफा होत्या. सेनापतींचा, म्हणजे शिपाई ज्यांना प्रेमाने घारेसाहेब म्हणत त्यांचा, हुकूम होता: थांबा, अंधार पडू द्या. बिनतारी यंत्रावर बसलेल्या शिपायाने पुढे कळवलं: पार करा. भर दुपारी, लख्ख उन्हात, पोरं पाण्यात उतरली. पहिली तुकडी नदीतच संपली. मागच्यांनी त्यांच्या मढ्यांवर पाय देऊन काठ घेतला, लढाई जिंकली, आणि घारेसाहेब देशाचे झाले. विजय साहेबांचा आणि मढी बिनताऱ्याची, अशी वाटणी झाली. लष्करी न्यायालयाने त्याला सक्तमजुरी ठोठावली. सुटून आल्यावर लोकांनी त्याचं खरं नाव टाकूनच दिलं, तो नुसता बिनतारी झाला.

पहिल्या तुकडीत फौजदारबाईंचा धाकटा भाऊ होता.

"आलात, बरं झालं," मागून आवाज आला. सेनापतींची मुलगी. पन्नाशीची, ताठ, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, आणि बापाचे घारे डोळे जसेच्या तसे घेऊन जन्माला आलेली. संग्रहालयाला हे दालन तिनेच उभं करून दिलं होतं. "तुमच्या भावाला ज्याने मारलं, त्यानेच माझ्या बाबांना आंधळं केलंय. परत छापायला तरी आता काय राहिलंय? त्याला सोडू नका."

"सोडत नाही, ताई," फौजदारबाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

दारापाशी एक वृद्ध गृहस्थ काठीवर रेलून उभे होते. युद्धात ते घारेसाहेबांचे खाजगी डॉक्टर होते, आता संग्रहालयाच्या मंडळावर होते. ते फोटोकडे बघत नव्हते. "दुसरा छापून लावा की," ते पुटपुटले. "एवढं काय त्यात. दुसरा छापा." आणि काठी टेकत निघून गेले.

२

पोलीस ठाण्याच्या कोठडीत बिनतारी बाकावर बसला होता. सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, हात मांडीवर. बाईंनी आयुष्यभर मनात त्याचा चेहरा रंगवला होता, तो राक्षसाचा होता. हा कुणाचा तरी थकलेला काका दिसत होता. त्याचा त्यांना आणखीच राग आला.

"चाकू तुझा?"

"माझाच. फळं कापायचा." त्याने मान वर केली. "पण तो काल दुपारी दारातच काढून घेतला, बाई. आत धारदार काही न्यायचं नाही म्हणाले, परातीत ठेवला. मी आत गेलो, नव्या दालनात फोटो चढवत होते, तो पाहिला आणि माझा तोंडाचा पट्टा सुटला. पहारेकऱ्याने दंड धरून बाहेर घातलं. चाकू तिथेच राहिला. चाकूसाठी परत कोण जातो?"

"काय बोललास फोटोला?"

"म्हटलं, हाच तो. याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाला होता, पार करा."

बाईंचा हात गजावर आपटला. "माझा भाऊ होता त्या नदीत. माझ्यासमोर ती टेप लावू नकोस."

तो बोलला ते हळू, पण त्याच्या आवाजाला धार होती. "मग तुम्ही तर ऐकायलाच पाहिजे. तुम्ही तंबूत होतात का? मी होतो. साहेब कित्येक रात्री झोपलेच नव्हते. त्या दिवशी दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या कोसळले. डॉक्टर आले, दंडात सुई मारली. घटकाभरात साहेब उठले ते चौखूर उधळल्यासारखे. हाडं गोठवणाऱ्या थंडीत कोट काढून फेकला. दात करकरा खात होते. नकाशावर थाप मारून म्हणाले, नदी पार करा, आत्ता. मी म्हटलं, साहेब, सकाळचा हुकूम थांबायचा आहे. म्हणाले, हुकूम म्हणजे मी. मी पुन्हा विचारलं, तर कमरेच्या पिस्तुलावर हात गेला. मग मी कळवलं."

"हे न्यायालयात नाही सांगितलंस?"

"शब्दन् शब्द सांगितला. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की ती सुई जीवनसत्त्वाची होती. बी बारा. रोजच देत होतो म्हणाले, ताकदीला. बी बारा घेऊन कोण पिसाळतो? सगळं न्यायालय हसलं. माझी बायको मागच्या बाकावर बसली होती. तीही हसली की काय, असं मला अजून वाटतं."

बाई निघायला वळल्या. पण आयुष्यभर माणसांना प्रश्न विचारून विचारून त्यांची जीभ त्यांच्याआधी चालायची.

"औषधाचा रंग कसला होता?"

"रंग? रंग कसला असणार? पाणी. पाण्यासारखं स्वच्छ."

"नीट आठव."

"बाई, मी त्या सुईकडेच बघत होतो. मला सुईची भीती वाटते, लहानपणापासून. स्वच्छ पाणी होतं."

फौजदारबाईंनी गज धरला. त्यांच्या आईला शेवटच्या आजारात बी बाराची सुई त्यांनी स्वतः उभं राहून टोचून घ्यायला लावली होती. डाळिंबाच्या रसासारखं लाल औषध. म्हातारी म्हणायची, रक्तच भरताय की काय. जगातल्या कुठल्याही दवाखान्यात ते लालच असतं.

आणि भरल्या न्यायालयात एकानेही या माणसाला रंग विचारला नव्हता.

३

पहारेकरी आधी काही बोलेना. बाईंनी आवाज चढवला नाही. फक्त त्याच्या टेबलावरची रिकामी परात उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"माझी नोकरी जाईल हो," तो म्हणाला.

"दुसऱ्याचा जन्म गेला. बोल."

"चाकू इथंच राहिला होता. संध्याकाळी मी दारं लावून घरी गेलो तेव्हाही होता. आत फक्त संचालक, ताई आणि डॉक्टर होते. उद्घाटनाची रंगीत तालीम चालली होती. किल्ल्या तिघांकडेही आहेत. सकाळी चाकू शिडीखाली दिसला आणि मी गप्प बसलो. सांभाळायचं काम माझं होतं ना."

म्हणजे मागच्या खिडकीची कडी आतून उघडली होती, दिसावी म्हणून. डोळे घरातल्याच माणसाने काढले होते.

बाई तशाच जिना चढून संचालकांच्या खोलीत गेल्या. ते फोनवर होते. "होईल, साहेब, संध्याकाळपर्यंत नवा फोटो लागतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. "छापखान्याशी बोललोय, बाई. नेगेटिव्ह माझ्याकडेच आहे. एका जुन्या वर्तमानपत्राच्या गोदामातून मिळवली. इतकी वर्षं हा फोटो सगळ्यांनी पाहिला तो पोस्टाच्या तिकिटावर नाहीतर पाठ्यपुस्तकात, बोटभर. मूळ नेगेटिव्हवरून एवढा मोठा पहिल्यांदाच काढला."

"दाखवा."

संचालकांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. एक पाकीट काढलं, त्यात बोटं घातली, पाकीट उलटं केलं, झटकलं.

पाकीट रिकामं होतं.

४

ज्याला राग आहे तो फोटो फाडतो, काळं फासतो, थुंकतो. जिना चढून वर येऊन कपाट धुंडाळत नाही. ज्याने डोळे कापले त्याला सेनापतींचा अपमान करायचा नव्हता. त्याला ते डोळे या जगातून नाहीसे करायचे होते. का?

फौजदारबाई दालनात एकट्याच फिरल्या. भिंतींवर घारेसाहेबांचे इतरही फोटो होते, सगळे जुने, सगळे कृष्णधवल. शाळेतला मुलगा. नवा लेफ्टनंट. लग्नातला नवरदेव. प्रत्येकात डोळे फिकट, जवळजवळ काचेसारखे, मधोमध काळा ठिपका. घारा माणूस कृष्णधवल फोटोत तसाच दिसतो.

त्यांनी खिशातून उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका काढली. तिच्यावर लढाईच्या दिवशी नदीकाठी काढलेला तोच फोटो होता, बोटभर. त्या खिडकीपाशी उजेडात गेल्या.

इथे डोळे काळेकुळकुळीत होते.

ऊन समोरून येत होतं. टोपीची सावली मागे पडली होती, पदकं चमकत होती. एवढ्या उन्हात माणसाच्या डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी व्हायला हवी. या माणसाची बाहुली पसरून पसरून सगळा घारा रंग गिळून बसली होती.

हे डोळे त्यांनी कैदखान्यात पाहिले होते, नशेच्या गोळ्या विकणाऱ्या आणि खाणाऱ्या शिपायांचे. पण त्याच्याही आधी पाहिले होते. स्टेशनच्या फलाटावर. धाकटा शेवटच्या रजेवरून परत निघाला होता. रजेभर तो झोपला नव्हता, जेवला नव्हता, अखंड बडबडत होता आणि जबडा सारखा चावत होता. त्याने खिशातून एक नळी काढून दाखवली होती. "अक्का, जागरणाच्या गोळ्या. सरकारच देतं. एक टाकली की भूक नाही, झोप नाही, भीती नाही. तुला हवी?" त्या हसल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत तेव्हा बुबुळ असं राहिलंच नव्हतं, नुसता काळोख होता. त्यांना वाटलं होतं, तारुण्य असंच चमकतं.

म्हणजे नदीत उतरणाऱ्यांच्या पोटात गोळी होती आणि उतरवणाऱ्याच्या दंडात सुई. सगळे जण नशेत होते. त्या काठावर शुद्धीत एकच माणूस होता, आणि त्याने दोनदा विचारलं होतं.

त्याला तुरुंगात घातलं.

बाईंनी निमंत्रणपत्रिकेचा चोळामोळा करून मूठ आवळली ती डॉक्टरांच्या दारापर्यंत तशीच होती.

५

डॉक्टर मंडळाच्या बैठकीच्या खोलीत चहा घेत होते. घेत होते म्हणजे घ्यायचा प्रयत्न करत होते. कप उचलला की बशीत चहा, बशी उचलली की टेबलावर. दोन्ही हात पानासारखे थरथरत होते. शेवटी त्यांनी कप तसाच ठेवून दिला.

"बी बाराचा रंग कसला, डॉक्टर?"

त्यांनी डोळे मिटले. कित्येक वर्षं कुणीतरी हा प्रश्न विचारेल म्हणून ते वाट बघत बसले असावेत, असं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाईंना वाटलं. पण कीव आली नाही.

"लाल," ते म्हणाले.

"आणि तुम्ही दिलंत ते?"

"ते तेच होतं, जे पोरांना गोळ्यांत देत होतो. फक्त नसेत, आणि कितीतरी जास्त." त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. जगातल्या मोठमोठ्या सैन्यांनी वाटल्या त्या गोळ्या. वैमानिकांना, रणगाडेवाल्यांना, खलाशांना. जागा राहणारा शिपाई कुणाला नको असतो? आम्हाला वरून पेट्या यायच्या. कुणी विचारायचं नाही की ज्याला झोपच येत नाही त्याची अक्कल कुठे जाते. साहेबांना आधी एक सुई पुरायची. मग दोन. मग सुईशिवाय ते उठायचेच नाहीत. आणि सुई घेतली की त्यांना वाटायचं आपण देव आहोत, नदी आपल्यासाठी दुभंगेल."

"आणि तुम्ही टोचत राहिलात."

"सेनापतीला नाही म्हणणारा डॉक्टर होतो कुठे?"

"सेनापतीला दोनदा विचारणारा शिपाई होता," बाई म्हणाल्या. "साधा शिपाई. पिस्तूल समोर असताना. तुमच्यासमोर काय होतं?"

डॉक्टरांनी टेबलावर सांडलेला चहा रुमालाने टिपला.

"काल तालमीत पहिल्यांदा एवढा मोठा फोटो पाहिला," ते शेवटी म्हणाले. "मी डॉक्टर आहे. बघताक्षणी कळलं. घरी जाऊन मला उलटी झाली. वाटलं, आता कुणीतरी बघणार, कुणीतरी विचारणार, सुटलो एकदाचा. सकाळी येऊन बघतो तर डोळेच नाहीत. मग म्हटलं, दुसरा छापा. तुम्ही ऐकलंत ना?"

बाईंनी ऐकलं होतं. आणि आता त्यांना त्याच वेळी दालनात ऐकलेलं दुसरं एक वाक्य आठवलं.

"चला," त्यांनी डॉक्टरांची काठी त्यांच्या हातात दिली. "खाली चला. तुम्ही बोलायचं नाही. अजून नाही."

६

दालनात कामगार बिनडोळ्यांच्या फोटोवर निळा पडदा चढवत होते. संचालकांनी ठरवलं होतं की मंत्री आले की पडदा उघडायचाच नाही, नुसतं भाषण उरकायचं. बाईंनी कामगारांना बाहेर पाठवलं. संचालक, डॉक्टर आणि सेनापतींची मुलगी, तिघे समोर उभे राहिले.

"बिनताऱ्याने हे केलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याचा चाकू काल दुपारपासून इथे दारात पडला होता, पहारेकरी साक्ष देतोय. चाकू ज्याने उचलला तो इथलाच. त्याला डोळ्यांबरोबर नेगेटिव्हही नाहीशी करायची होती, कारण त्या डोळ्यांत घारेसाहेबांची नशा दिसत होती."

"नशा?" संचालक म्हणाले. "शुद्धीवर आहात का, बाई?"

"मी आहे. ते नव्हते. डॉक्टर सांगतील, त्यांची वेळ आल्यावर." बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्यावर मी संशय घेतला होता, संचालकसाहेब. पण तुम्हाला फोटो नको असता तर तुम्ही तो लावलाच नसता. नेगेटिव्ह तुमच्याच कपाटात. ती गोदामात सापडलीच नाही म्हटलं असतंत तर कुणी विचारलं नसतं. आज सकाळपासून तुम्ही तिच्यावरून नवा फोटो छापायला निघालात. ती गेली हे तुम्हाला माझ्यासमोर कळलं."

"मग डॉक्टर," मुलगी थंडपणे म्हणाली. "लपवायचं असेल तर त्यांनाच असणार."

"डॉक्टरांच्या हातांकडे बघा, ताई. या हातांनी चहाचा कप धरवत नाही. शिडीवर उभं राहून इतकी सुबक भोकं पडतील? आणि सकाळी तेही म्हणाले, दुसरा छापा. इथल्या प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा छापता येईल. एकट्या तुम्ही म्हणालात, परत छापायला तरी आता काय राहिलंय. तेव्हा कपाट उघडलंही नव्हतं. पाकीट रिकामं आहे हे ज्याने रिकामं केलं त्यालाच माहीत होतं."

मुलगी हलली नाही. तिच्या बापाचा तोच ताठा, बाईंनी मनात म्हटलं. संचालकांनी चष्मा काढला, आणि पुसायचा विसरले.

"ताई, काहीतरी बोला," ते म्हणाले.

तिने खांद्यावरची पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेले दोन कागदी तुकडे काढले आणि काचेच्या पेटीवर ठेवले. तळहाताएवढे दोन डोळे. काळे, प्रचंड, ओलसर चमकणारे. कडेला केसाएवढी फिकट कड, बाकी नुसती बाहुली.

"नेगेटिव्ह जाळली," ती म्हणाली. "हे जाळवेनात. बापाचे डोळे आहेत." मग तिचा आवाज फुटला, पण रडण्याने नाही. "मी हे डोळे घरात पाहिलेत. लढाई संपली, सुया बंद झाल्या. तुमच्या देशाचा वीर खोलीच्या भिंती ओरबाडत होता. मी दार बाहेरून लावून घ्यायचे आणि आई ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करायची. कुठून तरी परत गोळ्या मिळवायचे आणि डोळे परत असे व्हायचे. काल पडदा बाजूला झाला आणि तेच डोळे भिंतभर. फोटो काढा म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. काय सांगणार होते मी?" ती डॉक्टरांवर वळली. "माझे बाबा नशेबाज नव्हते. या माणसाने त्यांना तसं केलं. आणि हा आज मंडळावर बसतो."

"खरं आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "तुमच्या बापाला याने नासवलं. माझ्या भावालाही. तेवढ्यापुरते आपण दोघी एकाच घरच्या आहोत. पण बिनताऱ्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

मुलीने पर्सची चेन ओढून बंद केली.

"तुम्हाला माहीत होतं, ताई. बाप कसा होता ते ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी हुकूम कुणी दिला हेही कळलं असणार. एवढी वर्षं तो माणूस रस्त्याने चालला की लोक दुकानाची फळी खाली टाकतात. मीही टाकली असती. काल रात्री तुम्ही खाली आलात, त्याचाच चाकू उचललात आणि त्यालाच दुसऱ्यांदा आत घालायची सोय केलीत. डोळे लपवणं मी समजू शकते. लेकीची जात आहे. पण चाकू तिथे ठेवणं? तिथे तुम्ही घारेसाहेबांची लेक शोभलात. आपली नदी, दुसऱ्याच्या माथी."

मुलीच्या घाऱ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती खुर्ची ओढून बसली.

संचालक पुढे आले. आवाज खाली, हात जोडलेले. "बाई, ऐका. मंत्री तासाभरात येतील. बिनताऱ्याला मी आत्ता सोडवतो, पुराव्याअभावी. पडदा राहू दे. ताईंचं काही बाहेर नको. डॉक्टरांचं तर नकोच. मेलेल्या माणसाला खाली खेचून कुणाचं भलं होणार?"

"जिवंत माणसाचं," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही डोळे रुमालात गुंडाळले, खिशात घातले आणि डॉक्टरांच्या दंडाला धरलं. "ताई, तुम्हीही चला. येणार नसाल तर मी मंत्र्यांसमोर येऊन घेऊन जाईन."

ती उठली. एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं, की ओढावं लागलं नाही.

७

ठाण्यात तिथल्या पोलीस साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलीने आपला गुन्हा उभ्याने, एका दमात सांगितला. मग साहेबांनी फोनवर वर कुणाशीतरी बोलून घेतलं, बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" केलं, आणि एका कागदावर चार ओळी खरडून कोठडीचं कुलूप काढलं.

"चला, सुटलात. इथे सही करा."

बिनताऱ्याने कागद उजेडात धरून वाचला. वाचून खाली ठेवला आणि परत जाऊन बाकावर बसला.

"अहो, सुटलात म्हणतो ना."

"'पुराव्याअभावी' लिहिलंय."

"म्हणजे सुटलातच की."

"पुराव्याअभावी सुटलेला माणूस रस्त्याने कसा चालतो ते मला ठाऊक आहे," बिनतारी म्हणाला. "मी निर्दोष आहे. तसं लिहा. जिने केलं ती इथे उभी राहून सांगतेय. नाहीतर लावा कुलूप."

"काका, वरून सांगितलंय. मला दोन मुलं आहेत."

"मलाही होती. शाळेत त्यांना बिनताऱ्याची पोरं म्हणायचे. मोठा घर सोडून गेला तो मला विचारूनसुद्धा गेला नाही."

साहेबांनी फौजदारबाईंकडे पाहिलं, म्हणजे तुम्ही तरी समजवा. फौजदारबाई कोठडीत शिरल्या. सकाळी ज्या गजावर त्यांनी हात आपटला होता तो ओलांडून त्या बाकावर त्याच्या शेजारी बसल्या.

"तुम्ही बसलात तर मीही बसते," त्या त्याला म्हणाल्या. सकाळी त्याला अरेतुरे केलेली जीभ आता आपोआप अहोजाहोवर आली होती, आणि त्यांनी ती परत वळवली नाही. "सकाळी तुम्हाला मी बोलले. माझा धाकटा पहिल्या तुकडीत होता."

"पहिल्या तुकडीच्या यंत्राशीच मी बोलत होतो," बिनतारी म्हणाला. त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. "मी कळवलं, पार करा. पलीकडून पोरगा म्हणाला, परत सांगा. मी परत सांगितलं. तो हसला. भीतीच नव्हती कुणाला. मी विचार करत राहिलो, ही पोरं हसतात कशी."

बाईंनी ओठ आवळले.

"गोळी," डॉक्टर दारातून म्हणाले. "सकाळी दुप्पट वाटायला सांगितलं होतं. मीच."

बिनतारी उठला. सावकाश चालत डॉक्टरांच्या समोर जाऊन उभा राहिला. साहेब पुढे सरसावले, पण त्याने हात उगारला नाही.

"न्यायालयात तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं," तो म्हणाला. "बी बारा म्हणालात आणि पाहिलंत. त्या वेळी मला वाटलं, हा माणूस आता खरं सांगतोय, आता सांगतोय. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग सगळे हसले."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"माझी बायको हसली होती का? तुम्ही समोर होतात. तुम्हाला दिसत असेल."

डॉक्टरांनी मान वर केली. "नाही," ते म्हणाले. "सगळ्यांत न हसलेली ती एकटीच होती."

बिनताऱ्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान वगैरे काही आलं नाही. जबडा मात्र दगडासारखा घट्ट झाला. तो वळून साहेबांच्या टेबलाशी आला आणि तो कागद बोटाने त्यांच्याकडे सरकवला.

बाहेर मंत्र्यांच्या गाड्या भोंगे वाजवत संग्रहालयाकडे गेल्या. टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी तो वाजू दिला. थांबून पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. मग त्यांनी आधीचा कागद टराटरा फाडला, कोरा घेतला आणि लिहायला लागले. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. सेनापतींच्या मुलीने खाली सही केली.

बिनताऱ्याने नवा कागद वाचला. निर्दोष हा शब्द दोनदा वाचला. पण पेन उचललं नाही. भिंतीलगतची खुर्ची ओढून त्याने टेबलासमोर ठेवली आणि डॉक्टरांना हाताने बसायची खूण केली.

"हे फोटोचं झालं," तो साहेबांना म्हणाला. "दुसरा कागद घ्या. आता नदीचं लिहा."